मेंढीच्या खुराकातील कषाय द्रव्ये : गुण कोणता, मात्रा किती?

हिरडा, अर्जुनसाल, खैर, त्रिफळा इत्यादींचे काढे काढून झाल्यावर उरणारा चोथा वाळवून, दळून, मेंढ्यांच्या खुराकात मिसळण्याचे चूर्ण म्हणून विकावा, असा विचार आमच्या परिसरातील एक-दोन फार्मसीधारक स्नेह्यांनी मध्यंतरी आमच्याजवळ बोलून दाखविला. वनस्पतींतील टॅनिनमुळे मेंढीत प्रथिनांचे पचन सुधारते, असे कोठेतरी त्यांच्या वाचनात आले होते. टॅनिन म्हणजे आपला कषाय रस, कषाय द्रव्यांचे भांडार आपल्या हाती, मग ही बाजारपेठ दुसऱ्याने का घ्यावी, असा त्यांचा सरळ हिशेब. तो ऐकून आम्ही काही वेळ गप्प राहिलो. कारण काही वर्षांपूर्वी हाच हिशेब आम्ही स्वतः मांडला होता आणि तो चुकला होता. त्या चुकीची हकीकत पुढे येईलच. परंतु त्याआधी मूळ विधानात तथ्य किती, हे पाहणे आवश्यक आहे. ते विधान खोटे नाही, मात्र अर्धवट सांगितले जाते.

मेंढी रवंथ करणारी आहे. तिने खाल्लेला घास प्रथम कोठीपोटात जातो. तेथे जाठराग्नी नाही, आम्लही नाही. असंख्य सूक्ष्मजीवांचे ते स्वयंपाकघर आहे. येथील सामू सहा ते सातच्या दरम्यान असतो. भुईमुगाच्या किंवा मोहरीच्या ढेपेतील प्रथिन येथे आले की त्याचा मोठा भाग हे जीव लगोलग फोडून टाकतात. त्यातून अमोनिया निघतो. जितका त्यांना लागतो तितका ते स्वतःच्या शरीरासाठी वापरतात. उरलेला रक्तातून यकृतात जातो, तेथे त्याचा युरिया होतो आणि बराचसा मूत्रावाटे बाहेर पडतो. म्हणजे शेतकऱ्याने महागाची ढेप चारली आणि तिचा मोठा वाटा मूत्रातून जमिनीत मुरला, असा प्रकार होतो.

टॅनिनचा उपयोग नेमका येथे आहे. कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. कातड्यातील प्रथिनाला टॅनिन घट्ट धरून ठेवते, म्हणून ते कुजत नाही. हीच क्रिया सौम्य प्रमाणात कोठीपोटात घडते. टॅनिनने धरलेले प्रथिन सूक्ष्मजीवांच्या हाती सहज लागत नाही. ते तसेच पुढे सरकून चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात येते. तेथे सामू तीनच्या खाली उतरतो, त्या आम्लात टॅनिनची पकड सुटते आणि मोकळे झालेले प्रथिन पुढे लहान आतड्यात पचून शोषले जाते.

यावरून वाचकांच्या लक्षात येईल की, टॅनिन पचन वाढवीत नाही. ते पचनाचे स्थान बदलते. एका कोष्ठात ते रोखते, म्हणून दुसऱ्या कोष्ठात लाभ होतो. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हे दीपन-पाचन कर्म मुळीच नव्हे, हे ग्राही कर्म आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसाव्या अध्यायात कषाय रसाची कर्मे सांगताना संग्राही, स्तंभन व शोषण ही कर्मे आली आहेत, आणि अतियोगाने मुखशोष, आध्मान, मल-मूत्र-वाताचा अवरोध हे उपद्रवही तेथेच आले आहेत. खुराकाच्या पुडीवर ‘पाचक’ हा शब्द छापणारा व्यवसायबंधू नेमका उलटा शब्द छापीत असतो. शब्दाची ही चूक क्षुल्लक वाटेल. पण पाचक म्हटले की देणारा अधिक देतो, ग्राही म्हटले की हात आखडतो.

परदेशात या विषयाचा सर्वांत नेटका अभ्यास न्यूझीलंडमध्ये झाला. पामर्स्टन नॉर्थ येथील मॅसी विद्यापीठात व तेथील कुरणविषयक संशोधन केंद्रात लोटस जातीच्या शिंबावर्गीय चाऱ्यावर मेंढ्या ठेवून पाहण्यात आल्या. ज्या लोटसमध्ये कोरड्या वजनाच्या दोन ते चार टक्के संघनित टॅनिन होते, त्यावर आवश्यक अमिनो आम्लांचे शोषण वाढले, लोकरही वाढली. त्याच वंशातील दुसऱ्या जातीत टॅनिनचे प्रमाण याहून बरेच जास्त होते. त्यावर मेंढ्यांचे खाणे घटले आणि पचनही घटले. दोन्ही वनस्पती एकाच वंशातल्या, रस तोच, पण मात्रेत मोठा फरक. शिवाय हे हिरवे, प्रथिनसंपन्न कुरण होते, ही गोष्ट विसरू नये. तिचे कारण पुढे येईल.

आपल्या देशातील दोन उदाहरणे तर वैद्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावीत अशी आहेत. इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्थेत भुईमुगाच्या ढेपेतील प्रथिनाचे रक्षण करण्यासाठी कोकरांच्या खुराकात फायकस इन्फेक्टोरिया या झाडाची पाने वापरून पाहण्यात आली. हे झाड म्हणजे आपल्या पंचवल्कलातील प्लक्ष, म्हणजेच पाखर. एक ते दोन टक्के इतक्या अल्प टॅनिनमध्येच त्यांनी हे प्रयोग केले. याउलट राजस्थानात टोंक जिल्ह्यातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तेथील जनावरांचा आधार खेजडीचा पाला, म्हणजे आपली शमी. तिच्या पानांत टॅनिन इतके की, ते बांधून निकामी करण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य खुराकात घालून तेथे प्रयोग करावे लागले. एका संस्थेत कषाय रस मोजून घातला जातो, दुसरीत तो मोजून काढला जातो. दोन्हींतील शास्त्रज्ञ मेंढीचेच हित पाहत आहेत.

आता आमच्या चुकीकडे येतो. सिहोरा हे तुमसर तालुक्यातील गाव. भोवती धानाची बांधी, एका अंगाला बावनथडी, दुसऱ्या अंगाला चांदपूरचा जलाशय. धानाची कापणी झाली की कळप उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात आणि मेंढपाळास मोबदला देतात. असाच एक मेंढपाळ एका वर्षी फाल्गुनात आमच्याकडे आला. त्याच्या मेंढ्यांना हगवण लागली होती. पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, असे सांगणे हे आमचे कर्तव्य होते. आम्ही ते सांगितलेही, पण त्याबरोबर बाभळीच्या सालीचा काढाही सांगितला. तीन दिवसांत हगवण थांबली. मेंढपाळ आनंदला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही. त्या भरात आम्ही त्याला म्हटले की, हे कषाय द्रव्य मधूनमधून चालू ठेवलेस तर जंतही कमी होतील, ढेपेचेही सार्थक होईल. आमच्याकडे हिरड्याचा चोथा पडून असतो, तो ने.

त्याने तो नेला आणि मधूनमधून नव्हे, रोज दिला. महिन्याभराने तो परत आला तेव्हा मेंढ्यांनी खाणे जवळजवळ सोडले होते, लेंड्या दगडासारख्या झाल्या होत्या, अंगावर असलेल्या कोकरांना दूध पुरत नव्हते. दोन कोकरे गेली. तालुक्याच्या पशुवैद्यांना आम्ही स्वतः बोलावून आणले. त्यांनी प्रथम एकच प्रश्न विचारला : ढेप कोणती चालू आहे? ढेप नव्हतीच. हरभऱ्याचे व लाखोळीचे कुटार संपल्यावर मेंढ्या तणसावर आणि बांधावरच्या झाडपाल्यावर होत्या. ढेपेचे सार्थक होईल असे म्हणणाऱ्या आम्ही ढेप आहे की नाही, हे विचारलेच नव्हते.

धानाच्या तणसात प्रथिन जेमतेम तीन ते चार टक्के असते. कोठीपोटातील सूक्ष्मजीव नीट वाढावेत यासाठी एकूण आहारात ते सुमारे सात टक्के तरी लागते. म्हणजे उन्हाळ्यातल्या तणसावर मेंढीच्या आधी तिच्या पोटातील सूक्ष्मजीवच उपाशी असतात. अशा वेळी जे थोडे प्रथिन आत जाते, तेही टॅनिनने बांधून ठेवले तर तणसातील तंतू फोडायला कोणी उरत नाही. रक्षण करावे असे धन घरात नसताना दाराला कुलूप लावून घरच्यांनाच बाहेर ठेवल्यासारखे ते होते. न्यूझीलंडच्या हिरव्या कुरणात जो गुण दिसला, तो भंडारा जिल्ह्यातील चैत्र-वैशाखात दोष का झाला, याचे उत्तर एवढेच आहे. द्रव्य तेच असले तरी देश आणि काल बदलला की कर्म बदलते, हे रोज रुग्णांना सांगणारे आम्ही मेंढीपाशी ते विसरलो.

ढेप असली तरी सर्व ढेपा सारख्या नाहीत. भुईमूग व मोहरी यांचे प्रथिन कोठीपोटात झपाट्याने फुटते. तेथे रक्षणाचा उपयोग आहे. सरकीच्या ढेपेतील प्रथिन स्वभावतःच सावकाश फुटते. आपल्या विदर्भात सरकीची ढेपच अधिक वापरात असल्याने तिच्यावर टॅनिनचा खर्च करण्याचे प्रयोजन फारसे राहत नाही. गरज कोणाला, हाही प्रश्न आहे. नुसत्या चरणाऱ्या कोरड्या मेंढीला याची आवश्यकता नाही. वाढते कोकरू, दूध देणारी मेंढी, विशेषतः जुळे पाजणारी, यांना ती आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोल मेंढीतील बहुप्रसवतेचा जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तसल्या जुळी देणाऱ्या मेंढ्यांना चांगली ढेप चारणारा पशुपालक असेल, तर तेथे हा विषय खरोखर बोलण्याजोगा आहे.

मात्रेचे गणितही एकदा मांडून पाहावे. तीस किलो वजनाची मेंढी दिवसाला कोरड्या हिशेबाने सुमारे नऊशे ग्रॅम खाते. तिच्या एकूण आहारात दोन टक्के टॅनिन म्हणजे अठरा ग्रॅम. बाभळीच्या सालीत टॅनिन साधारणतः बारा ते वीस टक्के. म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम सालीतच अठरा ग्रॅम टॅनिन पोटात जाते. आणि चार-पाच टक्क्यांच्या पुढे हानी सुरू होते. ही मोजणी कोऱ्या पाटीवर करता येत नाही. मेंढी दिवसभर बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, ऐनाची कोवळी पाने खाऊन आलेली असते. तिची मात्रा रानातच भरलेली असते, वरून आपण आणखी मूठभर टाकतो. आमच्या मेंढपाळाची मूठ मोठी होती, हे आम्हास नंतर दिसले. शेळीचे एक वेळ निभावते. झाडपाला हा तिचा सात्म्य आहार आहे. मेंढी मुळात गवत खाणारी, तिला तीच मोजणी लागू करू नये. (याच जिल्ह्यात ऐन-अर्जुनाच्या कषाय पाल्यावर कोशाची अळी पोसली जाते आणि आंधळगावच्या मागावर कापड होते, पण त्या अळीचे आतडे क्षारधर्मी असते, तेथे टॅनिनची पकड बसतच नाही. प्रत्येक प्राण्याचे कोष्ठ निराळे.)

फार्मसीधारकांसाठी यापुढील भाग अधिक महत्त्वाचा. टॅनिन एका जातीचे नसते. आतापर्यंत ज्या लाभाचे वर्णन केले तो मुख्यतः संघनित, म्हणजे कंडेन्स्ड टॅनिनचा. खैर, बाभळीची साल यांत ते असते. हिरडा, बेहडा, आवळा यांतील टॅनिन प्रामुख्याने हायड्रोलायझेबल, म्हणजे पाण्याच्या योगाने फुटणारे असते. ते पोटात फुटते, त्याचे लहान घटक शोषले जाऊन रक्तात उतरतात, आणि मात्रा फार झाली तर यकृत व वृक्क यांवर भार येतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात हिरड्याच्याच टर्मिनालिया प्रजातीतील एका झाडाचा पाला खाऊन मेंढ्या-गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. याचा अर्थ हिरडा विषारी आहे, असा कोणी काढू नये. वाग्भटांनीही कषाय द्रव्यांच्या स्तंभन कर्मातून अभयेला वेगळे काढले आहे. ती आपली थोर औषधी आहे आणि राहील. पण मानवी रुग्णाला तीन-पाच ग्रॅम देणे निराळे आणि मेंढीच्या खुराकात पावशेर चोथा मिसळणे निराळे. प्रथिनरक्षणाच्या नावाखाली तर हिरडा देऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही जात ओळखण्याची पहिली पायरी आपल्या प्रयोगशाळेतच आहे. हिरड्याचा काढा लोखंडी कढईत शाईसारखा काळानिळा होतो, हे भट्टीवरचा प्रत्येक कारागीर जाणतो. फेरिक क्लोराइडचे दोन थेंब घातले असता हायड्रोलायझेबल टॅनिन निळसर काळे होते, तर संघनित टॅनिन हिरवट काळे होते. मिश्रणात हा रंग फसवा ठरतो, म्हणून ही केवळ प्राथमिक परीक्षा समजावी. प्रमाण ठरविण्यासाठी रीतसर पृथक्करणच करून घ्यावे लागेल.

चोथ्याबाबत आमची हरकत याहूनही साधी आहे. काढा करताना किती टॅनिन पाण्यात उतरले आणि किती चोथ्यात उरले, हे कोणास ठाऊक? पाणी किती, आंच किती, भरड कशी, यावर ते प्रत्येक घाण्यास बदलते. ज्याची मात्रा देणाऱ्यालाच माहीत नाही ते औषधही नव्हे आणि आहारही नव्हे. त्यात ओला चोथा दोन दिवस ढिगात राहिला की बुरशी धरतो. बुरशीचे विष मेंढीला टॅनिनपेक्षाही लवकर मारील. अनेक काढ्यांचा एकत्र पडलेला चोथा असेल तर त्यात काय काय आहे, हे सांगणेही कठीण. तो शेतात खत म्हणून जावा. त्यात कमीपणा काही नाही.

कायद्याचा आधार अनेकजण सांगतात, तोही तपासून पाहावा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये आयुर्वेदीय औषधाची जी व्याख्या आहे, तीत मनुष्याबरोबर प्राण्यांच्या रोगांसाठीची औषधेही येतात. तेव्हा परवानाधारक फार्मसीने पशूंसाठी औषध करण्यास मज्जाव नाही. पण ती व्याख्या अधिकृत ग्रंथांतील सूत्रांनुसार केलेल्या औषधांची आहे. मेंढीच्या खुराकात प्रथिनरक्षणासाठी घालावयाचे चूर्ण कोणत्या ग्रंथातील कोणत्या सूत्राने काढणार? शालिहोत्रांची परंपरा अश्वांची, पालकाप्यांची हत्तींची. मेंढीच्या वाट्याला तसा मोठा ग्रंथ आलेला नाही. आणि पशूंवर उपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे, आम्हा बी.ए.एम.एस. पदवीधरांचा नाही. आमच्या फाल्गुनातल्या काढ्यास ही पळवाटही नव्हती, हे येथे मान्य करतो.

मग आपण या विषयात काहीच करू नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. आपल्या अरण्यातील कोणत्या झाडाचा कोणता भाग किती कषाय, कोणत्या ऋतूत अधिक, कोवळ्या पानात किती आणि जून पानात किती, याचे ज्ञान आपल्याजवळ व आपल्याला वनस्पती आणून देणाऱ्या माणसांजवळ आहे. पशुआहाराचे ज्ञान नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात आहे. ज्या फार्मसीधारकांना खरोखर हे उत्पादन काढावयाचे आहे, त्यांनी प्रथम तेथे जावे. पाखरीसारख्या निर्धोक पाल्यापासून आरंभ करावा. पुडीवर टॅनिनची जात व टक्केवारी छापावी. आणि ‘ढेपेशिवाय देऊ नये’ हे वाक्य उत्पादनाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. एवढे करण्याची तयारी नसेल, तर विकू नये. आपल्या संघटनेनेही याविषयी सभासदांना लेखी सूचना द्यावी, अशी आमची मागणी आहे. या पुड्या उद्या बाजारात आल्या आणि मेंढ्या आजारी पडल्या, तर मेंढपाळ कंडेन्स्ड आणि हायड्रोलायझेबल हा भेद करणार नाही. तो म्हणेल, आयुर्वेदाच्या औषधाने माझा कळप गेला. त्याचे ते म्हणणे खोडून काढण्यास आपल्याजवळ काही नसेल.

गेल्या हंगामात तो मेंढपाळ पुन्हा आला होता. कळप चांदपूरच्या बाजूस उतरला होता. जुने काही मनात न ठेवता त्याने विचारले की, ती साल पुन्हा देता का, काही मेंढ्या पातळ हगतात. आम्ही ढेप कोणती चालू आहे, असे विचारले. तो हसला आणि म्हणाला, महाराज, ढेप परवडती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? आम्ही त्याला पशुवैद्यांचा पत्ता लिहून दिला आणि साल दिली नाही.